पंपानंतर फिल्टर नसतो

अख्खा प्लांट मला बेन म्हणतो. इन्स्पेक्शनला बसणाऱ्या एक काकू तेवढ्या मराठी, त्या ताई म्हणतात. त्यांनीच एका दुपारी क्यूसीत, म्हणजे आमच्या गुणवत्ता तपासणी विभागात, फोन केला. ‘ताई, जरा येऊन बघता? तंतू नाहीये हा. हलवलं की दिसतं, थांबलं की गायब.’

वायल, म्हणजे औषधाची काचेची छोटी बाटली, फिरवून काळ्या पडद्यासमोर ५ सेकंद आणि पांढऱ्यासमोर ५ सेकंद बघायची, हे त्यांचं दिवसभराचं काम. मी बघितलं तर मला काहीच दिसेना. तिसऱ्या वेळी दिसलं: पाण्यात पाणी फाटल्यासारखं काहीतरी, अर्धपारदर्शक.

औषध म्हणजे मोनोक्लोनल अँटिबॉडी, एक प्रकारचं प्रोटीनच. वडोदऱ्यापासून तासाभरावरच्या आमच्या प्लांटमध्ये ते १० मिलीच्या वायलमध्ये भरलं जातं. कणमोजणी केली तर बॅच पास! नियमाप्रमाणे एका वायलमध्ये १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) आणि त्यावरचे ६००० कण, २५ मायक्रॉन आणि त्यावरचे ६०० कण चालतात. आम्ही त्याच्या बरेच आत होतो, पण आधीच्या बॅचेसच्या मानाने आकडा चढलेला. ‘पास आहे ना, मग?’ असं मला तोंडावर विचारलं गेलं. गुठळ्या झालेलं प्रोटीन रोग्याच्या शरीरात गेलं तर शरीर त्या औषधाविरुद्धच अँटिबॉडी तयार करू शकतं, हे मीटिंगमध्ये दोनदा सांगावं लागलं.

मग डेव्हिएशन, म्हणजे गडबडीची रीतसर चौकशी, उघडलं आणि नेहमीप्रमाणे आधी काच आणि रबराचं बूच यांच्यावर संशय. त्यात महिना गेला. खरं तर कणांचे फोटो काढल्यावर पहिल्याच दिवशी अंदाज यायला हवा होता. बुचाच्या सिलिकॉन तेलाचा थेंब कसा गोल गरगरीत दिसतो. आमचे कण वेडेवाकडे, कडा फाटलेल्या. फिल्टरवर गोळा करून इन्फ्रारेडखाली घातले तेव्हा अमाइडचे पट्टे, म्हणजे प्रोटीनची खूण, स्वच्छ उमटले. आमचंच औषध होतं ते.

आता ते बनतंय कुठे? गाउन चढवून लाइनवर गेले, तीन जागचे नमुने घेतले: लाइनवरच्या फिल्टरमधून औषध बाहेर पडतं तिथे, भरणीच्या पंपानंतर वायल भरणाऱ्या नीडलपाशी आणि बंद वायलमधून. फिल्टरनंतरचा नमुना स्वच्छ. नीडलपाशी कण हजर. जंतू गाळणाऱ्या ०.२२ मायक्रॉनच्या त्या फिल्टरवर आम्ही सगळे डोळे मिटून विसंबतो, पण तो पंपाच्या अलीकडे असतो! त्यापुढे जे बनेल ते थेट वायलमध्ये.

प्रॉडक्शनचं म्हणणं, पंप जोरात मारतोय, प्रोटीन तुटतंय, स्पीड कमी करा. केला. काही फरक नाही. मग मी नुसता बफर, म्हणजे औषधाचं द्रावण, चालवून पाहायचा हट्ट धरला, प्रोटीन सोडून बाकी सगळं तेच, प्रोटीनला पृष्ठभागांपासून जपणारं पॉलिसॉर्बेटसुद्धा. कण जवळपास नाहीतच. म्हणजे पंप एकटा गुन्हेगार नव्हता आणि प्रोटीनही नव्हतं. दोघांची गाठ पडली की घोटाळा.

नेमकं काय होतं ते मला कोजागिरीला कळलं म्हणायला हरकत नाही. दांडिया बाजारातल्या घरी आईनं रबडीला दूध ठेवलं होतं. कढईच्या काठाला साय धरली की ती उलथण्यानं खरवडून दुधात ढकलायची. काठ मोकळा झाला की पुन्हा साय धरते, पुन्हा खरवड. आमच्या पिस्टन पंपात हेच चालतं. स्टीलवर प्रोटीनचा थर बसतो, पिस्टन जाता-येता तो पुसून काढतो, त्याचे लच्छे औषधात. शिवाय घासून निघालेले स्टीलचे अतिसूक्ष्म कण, त्यांच्यावरही प्रोटीन चिकटतं. पॉलिसॉर्बेट हवेच्या पृष्ठभागावर चांगलं काम करतं. या घासण्यापुढे आमच्याकडे ते पुरलं नाही.

पेरिस्टाल्टिक पंप आणला. त्यात रोलर बाहेरून नळी दाबत जातो, औषधाला धातू लागतच नाही. कण धपकन खाली आले. पण दाबून दाबून सिलिकॉनची नळीच आतून झिजते, तिचे कण सुटतात. वर नळी सैलावली की भरणीचं वजन सरकतं, म्हणून दर थोड्या वेळानं वायल काढून वजन करायचं. नळी प्रत्येक बॅचला नवी, हे मी चेंज कंट्रोलमध्ये, म्हणजे बदलाच्या मंजुरीच्या कागदात, लिहून घेतलं. खर्चावरून खडाजंगी झाली ती वेगळीच. मग मीडिया फिलच्या (औषधाऐवजी जंतू वाढतील असं द्रावण भरून पाहायच्या) तीन फेऱ्या, जंतू उगवतात का ते बघायला १४ दिवस इन्क्युबेशन आणि सह्यांसाठी या टेबलावरून त्या टेबलावर.

नव्या पंपाची पहिली बॅच इन्स्पेक्शनला गेली त्या दिवशी काकूंचा पुन्हा फोन. पोटात गोळाच आला. धावत गेले. काकूंनी वायल पडद्यासमोर धरली आणि मिश्किल हसल्या.

‘ताई, या वेळी खरंच तंतू आहे.’