आमची ‘प्रेसिडेंट’ शोधताना : पुणे–मिरज–तासगाव

आजोबांनी घेतलेली, नंतर विकलेली गाडी शोधायला बाबा आणि मी निघालो. बाबांना विचारलं तर गाडी ‘फियाट’. आत्याला विचारलं तर ‘पद्मिनी’. आरसी बुकाच्या झेरॉक्सवर मात्र तिसरंच नाव : प्रीमियर प्रेसिडेंट, १९७३. तिन्ही बरोबर. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून निघत होती. ७३ मध्ये ती ‘प्रेसिडेंट’ झाली आणि पुढच्याच वर्षी ‘पद्मिनी’. आमच्या गाडीचं नाव जेमतेम वर्षभर टिकलं. तेव्हा तुम्ही अशा शोधाला निघालात तर तिन्ही नावांनी चौकशी करा. पद्मिनी म्हटल्यावर मान हलवणारा माणूस फियाट म्हटल्यावर बोलायला लागतो.

आजोबांनी, म्हणजे अण्णांनी, ती नंबर लावून, वाट बघून घेतली होती. १९९१ मध्ये ती मिरजेच्या एका डॉक्टरांना विकली. बाबा आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. गाडी मिळाली तर घ्यायची, असं आम्ही दोघांनी एकमेकांना न सांगता ठरवलं होतं.

निघण्याआधी घरात जेवढा कागद सापडेल तेवढा गोळा करा. आम्हाला बिस्किटाच्या डब्यात आरसी बुकाची झेरॉक्स, विम्याची जुनी पावती आणि विक्रीची चिठ्ठी मिळाली. यातली झेरॉक्स सोन्याच्या मोलाची, कारण तिच्यावर नंबर प्लेटबरोबरच चेसिसचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, आणि इंजिनचा नंबरही असतो. परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून पाहिला, काहीच आलं नाही. १९८९ च्या आधीच्या तीन अक्षरी नंबरांची नोंद संगणकावर चढलेली असेलच असं नाही. आणि नोंद सापडली तरी मालकाचं नाव फुल्या मारलेलंच दिसतं. माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज करता येतो, पण दुसऱ्याचं नाव-पत्ता खासगी माहिती म्हणून नाकारला जाऊ शकतो. त्याच्यावर विसंबून प्रवासाची तारीख ठरवू नका.

पहिली फेरी फुकट गेली, आणि ती माझ्या मूर्खपणामुळे. सुट्टी वाचवायची म्हणून शनिवारी निघालो, साताऱ्याला चहा, कराडला जेवण, सांगलीत पोचतो तर आरटीओला कुलूप. सरकारी कचेऱ्यांचा आठवडा २०२० पासून पाच दिवसांचा झालाय हे मला ठाऊक होतं, डोक्यात आलं नाही एवढंच. बाबा परतीच्या वाटेवर काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्यांदा गुरुवारी गेलो. कचेरीतल्या बाईंनी अर्ज घेतला, जुनं रजिस्टर शोधावं लागेल म्हणाल्या, पोच दिली. पोच मागून घ्याच. पण माग खरा लागला तो मिरजेत. डॉक्टर केव्हाच गेले होते, दवाखान्याच्या जागी मोबाईलचं दुकान. शेजारच्या पानवाल्यानं त्यांच्या जुन्या कंपाउंडरचं घर दाखवलं. कंपाउंडरकाकांना पेशंटची नावं आठवत नव्हती, गाडी लख्ख आठवत होती. “पावसात चालू व्हायची नाही. ढकलायला मीच असायचो.” गाडी तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदारांना गेली, हेही त्यांनीच सांगितलं. मालकाच्या मुलांना विचारण्यात फार वेळ घालवू नका. ड्रायव्हर, कंपाउंडर, मिस्त्री यांना विचारा. गाडीशी झटलेल्या माणसाला ती विसरता येत नाही.

मिरजेहून तासगाव तास-सव्वा तासाचं. तिथल्या पहिल्याच गॅरेजात मिस्त्रींनी उलट प्रश्न केला, “पुढचं दरवाजं उलटं का सुलटं?” कारण त्या भागात एक ‘डुक्कर फियाट’ही आहे. पन्नाशीच्या दशकातली, गुबगुबीत, पुढचे दरवाजे उलट्या बाजूनं उघडणारी. लोक दोन्हींना फियाटच म्हणतात आणि परगावच्या माणसाला हौसेनं भलत्याच शेडमध्ये नेऊन उभं करतात. “सुलटे,” बाबा म्हणाले. “मग ती मळ्यातली,” म्हणून मिस्त्री स्वतःच मोटरसायकलवर पुढे निघाले.

मळ्यात पत्र्याच्या शेडखाली, औषध फवारायच्या पंपाशेजारी ती उभी होती. नंबर आमचाच. रंग बदललेला, पण बाबांनी दार उघडलं आणि आत बसले. डावा हात न बघता स्टिअरिंगखालच्या गिअरवर गेला. मी मागे सरकलो, फोटोही काढला नाही.

मग माझं लक्ष डॅशबोर्डकडे गेलं. अण्णांनी टेबलफॅनच्या पोरासारखा दिसणारा एक छोटा पंखा तिथे बसवला होता, त्यासाठी पाडलेली दोन भोकं हा आमच्या घरातल्या भांडणांचा कायमचा विषय. इथे पत्रा सलग होता. “बुजवली असतील,” बाबा म्हणाले.

इथून पुढचं नीट वाचा. नंबर प्लेट बघून पैसे काढू नका. सोबत टॉर्च, फडकं, थोडं रॉकेल, पातळ कागद आणि मऊ पेन्सिल ठेवा. बॉनेटखाली कोरलेल्या चेसिस नंबरावरचा मळ रॉकेलच्या फडक्यानं पुसायचा, पॉलिश पेपरनं हरगिज नाही, कारण घासल्याच्या खुणा दिसल्या की आरटीओत तुमच्यावरच संशय. मग कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवायची. आकडे एकेक करून वर येतात. आमचे पहिले काही जुळले. शेवटचे तीन जुळले नाहीत. पुन्हा छाप घेतली. तेच तीन आकडे आले. इंजिनच्या ब्लॉकवरचा नंबर पाहिला, तो मात्र झेरॉक्सशी तंतोतंत.

मालक तोवर आले होते. सरळ माणूस, लपवाछपवी काही केली नाही. “इंजिन तुमचंच हाय. खालचा पत्रा पार खाल्ला होता, मिस्त्रीनं भंगारातलं दुसरं अंग आणलं, त्यात बसवलं. कागद तेवढं जुनंच ठेवलं.” या गाडीला वेगळी फ्रेम नसते, बॉडी हीच चेसिस. त्यामुळे अंग बदललं की गाडीची ओळखच बदलते. आमची प्रेसिडेंट कधीच भंगारात गेली होती. कुणा दुसऱ्याची पद्मिनी तिचा नंबर लावून उभी होती.

आमचा बेत व्हिंटेज नोंदणीचा होता. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हीए’ मालिकेत नोंद होते. फी नव्या नोंदणीला वीस हजार, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला पाच हजार. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्तीपुरतीच बाहेर काढायची. मूळ चेसिस आणि बॉडीत मोठा फेरफार नको ही अटही आहे, म्हणजे आमच्यासाठी तो रस्ता बंद. साधं नाव चढवायला गेलो असतो तरी तपासणीत चेसिस नंबर बघतातच. मालकांनी दोन लाख सांगितले होते, दीडवर आले असते. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की कागद जुळत नाहीत, आम्ही घेणार नाही. आणि आरटीओत जाऊन हे नीट करून घ्या, नाहीतर उद्या अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल. त्यांनी मान डोलावली. करतील असं वाटत नाही.

बाबा अजून बॉनेटपाशीच होते. “चालू होते का?” त्यांनी विचारलं. मालकांच्या मुलानं ट्रॅक्टरची बॅटरी आणून लावली. चोक ओढला. दोनदा नुसती घरघर, तिसऱ्यांदा धूर आला आणि ते १०८९ सीसीचं इंजिन सुरू झालं. बाबा वाकून, कान देऊन ऐकत राहिले. मिस्त्री म्हणाले, “काका, खुश?”

“टॅपेट वाजतायत,” बाबा म्हणाले. “पाना आहे का?”