जांभळ्या झाकणाची नळी

एकवीस वर्षं कराडात लोकांचं रक्त काढतेय. करड्या झाकणाची नळी साखरेची, जांभळ्या झाकणाची एचबीएवनसीची, म्हणजे लोकांच्या भाषेत 'तीन महिन्यांची साखर'. झोपेतून उठवलं तरी सांगेन. तरी घरातच फसले.

अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मधुमेह होऊन अठरा वर्षं झाली. त्यातली पहिली बारा त्यांनी बासुंदीला कधी नाही म्हटलं नाही. सासूबाई गेल्यावर पथ्य माझ्या हातात आलं. गेल्या दिवाळीत एचबीएवनसी ६.८ आलं, तेव्हा मीच म्हटलं, "अण्णा, फर्स्ट क्लास! डोळ्यांचं यंदा राहिलं तरी चालेल."

संक्रांतीच्या सुमारास ते म्हणाले, "सूनबाई, पेपरावर कोळिष्टकं दिसतायत." मी चष्मा पुसून दिला. तिसऱ्या दिवशी उजव्या डोळ्यापुढे धूर. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर फुटलेल्या नाजूक नव्या रक्तवाहिन्यांमधून आत रक्त उतरलं होतं.

तांबडी पेशी जगते साधारण १२० दिवस, म्हणून ती नळी गेल्या दोन-तीन महिन्यांचंच बोलते. आधीच्या बारा वर्षांचा हिशेब तिच्यात नसतो. पडद्यावर मात्र असतो. साखर सांभाळणं फुकट जातं असं नव्हे हं. १९९३ च्या अमेरिका-कॅनडातल्या डीसीसीटी नावाच्या अभ्यासात टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांनी साखर काटेकोर ठेवली, तर रेटिनोपथी, म्हणजे मधुमेहाने डोळ्याचा पडदा बिघडणं, सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. पण चांगला आकडा म्हणजे चांगला डोळा, ही माझी समजूत चुकीची होती.

काउंटरवर रोज कुणीतरी विचारतं, "ताई, डोळ्याचं रक्तातच कळत नाही का?" हल्ली मी "थोडंफार" म्हणते. २०२२ मध्ये भारतात अनेक केंद्रांवर झालेल्या एका अभ्यासात, नजरेला धोका असलेली रेटिनोपथी हुडकायला रक्तातले बरेच घटक ताडून पाहिले. त्यात सिस्टॅटिन सी हे प्रथिन सरस ठरलं. मला गंमत वाटली, कारण हे आम्ही किडनीसाठी तपासतो. पण किडनीच्या गाळण्या काय नि डोळ्याचा पडदा काय, साखर दोन्हीकडे केसाहून बारीक वाहिन्यांनाच धरते. अर्थात नुसती किडनी बिघडली तरी ते वाढतंच. आधी कुणाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायचं, एवढं ठरवायला फार तर उपयोग. पडदा नीट बघायला बहुतेक वेळा बाहुली मोठी करणारे थेंब डोळ्यात घालावे लागतात.

त्या थेंबांवर अण्णांचा राग आहे. लेसरनंतरच्या तपासणीला बाहेर आलो तर ऊन सोसेना, रिक्षावाल्याला दिलेली नोट पन्नासची की पाचशेची तेही दिसेना. माझा हात धरून पुटपुटत होते, "तुझी ती नळीच बरी."

आता जांभळी नळी हातात घेतली की मी विचारते, डोळे कधी दाखवले? काल एक मामा म्हणाले, "दाखवले की! गेल्याच महिन्यात नवा नंबर काढला."

"मामा, नंबर नव्हे. पडदा."

"तो कुठला?"

सुई बाजूला ठेवली आणि खुर्ची पुढे ओढली.