बेसचा आवाज मधेच गायब: जॅकपासून पिकअपच्या तारेपर्यंत

एका बेस गिटारबद्दल तक्रारी तीन होत्या. केबल जरा हलली की आवाज तुटायचा, ब्रिजकडचा (तारा खाली जिथे टेकतात त्या बाजूचा) पिकअप, म्हणजे तारांचं कंपन टिपणारी चुंबकावरची कॉइल, पातळ आणि चिरका वाजायचा, आणि तारांवर हात ठेवला तरी हम, म्हणजे मागची घुमणारी गुणगुण, कमी होत नव्हता. बेस जॅझ बेसच्या धाटणीचा, पॅसिव्ह (आत बॅटरी आणि प्रीअँप नसलेला). म्हणजे दोन सिंगल-कॉइल पिकअप (एक नेककडे, एक ब्रिजकडे), 250 किलोओहमचे दोन व्हॉल्यूम पॉट (नॉबखालचे बदलते रेझिस्टर), तेवढाच एक टोनचा, 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि नॉबच्या कंट्रोल प्लेटवरच बसवलेला मोनो जॅक (केबल खोचायची जागा). आत एवढंच सामान असतं. तरीही अशा वेळी पुष्कळ जण आधी नवे पिकअप शोधायला लागतात. बिघाड बहुतेक वेळा जॅक, सोल्डरचे टाके आणि अर्थच्या (अर्थिंगच्या) वायरींत असतो. पिकअपवर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा.

केबल बदलून पाहिली, मधले पेडल काढून थेट अँपला लावून पाहिलं. फरक नाही, म्हणजे दोष बेसमध्येच. पण स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी मी मल्टीमीटर घेतो, कारण प्लेट न उघडताही बरंच कळतं. केबलचं एक टोक बेसमध्ये खोचायचं, दुसरं अँपला न लावता मीटरला: एक प्रोब प्लगच्या टोकाला, दुसरा त्याच्या धातूच्या दांड्याला. मीटर 20 किलोओहमच्या रेंजवर, आकडा त्याच्या बाहेर गेला तर 200 वर. टोनचा नॉब कुठेही असला तरी चालतो, कपॅसिटर डीसी जाऊ देत नाही.

या वायरिंगमध्ये पिकअपची गरम वायर (आवाजाचा सिग्नल नेणारी) पॉटच्या मधल्या पायावर येते आणि आउटपुट कडेच्या पायावरून जातं. त्यामुळे एक व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी दुसरा पिकअप वाजतो, आणि दोन्ही पॉटचे पट्टे मिळून साधारण 125 किलोओहम कायम समांतर राहतात. हा हिशोब डोक्यात असला की आकडे बोलायला लागतात. नेक पूर्ण, ब्रिज शून्य: 7.0 किलोओहम. ब्रिज पूर्ण, नेक शून्य: 118. दोन्ही पूर्ण: परत 7.0. दोन्ही पिकअप धड असते तर शेवटचा आकडा साडेतीन-पावणेचारच्या आसपास यायला हवा होता. 118 म्हणजे मीटरला फक्त पॉट दिसत होते, ब्रिजचा पिकअप सर्किटमध्ये नव्हताच. पॉटमध्ये 20 टक्के मागेपुढे चालतं, म्हणून तिथे नेमकं 125 शोधत बसू नये. आकडा शून्य आला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मीटर काहीच दाखवत नसेल तर जॅक किंवा त्याची वायर तुटलेली.

प्रोब तसेच ठेवून प्लग हलवला तर आकडा उड्या मारत होता. पहिल्या तक्रारीचं उत्तर मिळालं.

जॅकचा नट ढिला झाला की प्रत्येक वेळी प्लग खोचताना अख्खा जॅक थोडा फिरतो, मागच्या वायरींना पीळ बसतो आणि टाक्याशेजारीच त्या तुटतात. इथे अर्थच्या वायरचे दोनच पदर शिल्लक होते. तुटका भाग कापून वायर नव्याने सोलली, आधी तिला सोल्डर पाजलं आणि मग टाका दिला. जॅकमधली, प्लगचं टोक धरणारी पट्टीही सैल होती. बोटाने जरा आत वाकवली. संपर्काचे भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत, पॉलिश पेपरने घासू नयेत, मुलामा निघतो. नट आवळताना जॅक आतून धरायचा, नाहीतर नटाबरोबर तोही फिरतो आणि नुकताच दिलेला टाका पुन्हा पिळला जातो. दात्यांचा वॉशर नसेल तर बसवाच, नट परत ढिला व्हायचं मुख्य कारण तेच.

हमचं निदान ऐकूनच बरंचसं होतं. तारांना हात लावल्यावर हम कमी झाला तर ब्रिजची अर्थ शाबूत आहे. हात लावल्यावर वाढला तर जॅकवर गरम आणि अर्थ उलट जोडलेले असण्याची शक्यता मोठी. काहीच फरक नाही, तर ब्रिजपर्यंत अर्थ पोचत नाही. मीटरनेही तेच दाखवलं: प्लगच्या दांड्यापासून पॉटच्या पाठींपर्यंत एका ओहमच्या आत, ब्रिजला मात्र काही नाही. ब्रिजखाली उघड्या तारेचे पदर नुसते दाबून ठेवलेले असतात. त्यावर काळा थर चढतो, किंवा तार सरकून लाकडावरच्या लॅकरवर बसते. तारा ढिल्या करून ब्रिज उचलला, पदर खरवडून पंख्यासारखे पसरले आणि ब्रिज परत आवळला.

इथे एक बजावून सांगायला हवं. तारांना हात असताना माइकला ओठ लागून झटका बसत असेल, तर दोष बेसमध्ये शोधू नका. अँपची किंवा सॉकेटची अर्थिंग बिघडलेली असते. ब्रिजची वायर कापणं किंवा प्लगची अर्थची पिन काढणं हा त्यावरचा उपाय नव्हे. ते इलेक्ट्रिशियनचं काम.

राहिला ब्रिजचा पिकअप. त्याची गरम वायर पॉटवरून सोडवली, कारण जोडलेली असताना मीटर पॉटसकट मोजतो. वायरच्या टोकांवर काही नाही. वायरच मधे तुटलेली नाही ना, म्हणून पिकअप काढून थेट त्याच्या दोन आयलेटवर (कॉइलची टोकं जिथे सोल्डर केलेली असतात त्या कड्यांवर) मोजलं. तिथेही काही नाही. म्हणजे कॉइलचीच तार तुटलेली. पातळ आवाजाचं कारणही हेच: तुटलेली कॉइल पूर्ण गप्प होत नाही, वेटोळ्यांमधल्या कपॅसिटन्समधून थोडा ट्रेबल पलीकडे पोचतो आणि बेस मात्र हरवतो.

ही तार केसाइतकी बारीक, सुमारे 0.06 मिलिमीटर. ती आतून तुटली असेल तर पिकअप नव्याने गुंडाळण्याशिवाय इलाज नाही. पण वेटोळ्यांचं बाहेरचं टोक आयलेटपाशी तुटणं जास्त संभवतं, कारण पिकअपची वायर ओढली गेली की ताण तिथेच येतो. भिंगातून पाहिलं तर टोक आयलेटपासून दीड-दोन मिलिमीटरवर उभं होतं. बाहेरचं अर्धं वेटोळं हलक्या हाताने सोडवून घेतलं. हजारो वेटोळ्यांत तेवढ्याने आवाज बदलत नाही. टोकावरचं इनॅमल (तारेवरचा इन्सुलेशनचा लेप) काढावं लागतं. पॉलियुरेथेनचं असेल तर सोल्डरच्या उष्णतेनेच जळतं. जुन्या पिकअपवरचं साधं इनॅमल किंवा फॉर्मव्हार जळत नाही, ते बारीक पॉलिश पेपरमध्ये धरून जेमतेम एकदाच ओढायचं. दुसऱ्यांदा ओढलं की तार हातात येते. मग टोक आयलेटमध्ये एकदा फिरवून सोल्डरचा छोटा थेंब, आयर्न एका सेकंदात बाजूला. तार ताठ ठेवायची नाही, थोडी झोळ हवी. वरून कापडी टेप. मीटरवर 7.8.

पॉटच्या पाठीवरचा अर्थचा टाका याच्या नेमका उलट. तिथे 40 ते 60 वॉटचं, चपट्या टोकाचं आयर्न लागतं, कारण धातूचा तो डबा उष्णता शोषून घेतो. बारीक आयर्न घेऊन बराच वेळ दाबत बसलं की आतला कार्बनचा पट्टा भाजतो आणि टाका तरीही कोल्डच, म्हणजे नीट न चिकटलेला राहतो: करडा, खडबडीत, नख लावलं की सुटणारा. पाठ आधी खरवडावी, सोल्डर 60/40 (कथील-शिसं), आत रोझिन असलेलं. नळकामाचं अ‍ॅसिड फ्लक्स इथे नको.

नॉब फिरवताना खरखर असेल तर पायांजवळच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि पॉट या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवणं, एवढं पुरतं. अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये (आत बॅटरीवर चालणारा प्रीअँप असलेल्या) पॉट नवा बसवूनही खरखर राहिली तर मात्र प्रीअँपच्या कपॅसिटरमधून डीसी गळत असावा, पॉटचा दोष नसतो. तिथे आवाज फाटायला लागला की पहिल्यांदा 9 व्होल्टची बॅटरी मोजावी, आणि तीही प्लग खोचलेला असताना. बॅटरीचा निगेटिव्ह स्टिरिओ जॅकच्या मधल्या संपर्कातून जातो, म्हणून प्लग लावून ठेवलेला बेस न वाजवताही बॅटरी खातो.

प्लेट बसवण्याआधी जॅकचा गरम पाय कुठे तोंड करून आहे ते पाहिलं. कप्प्यात अर्थला जोडलेला तांब्याचा फॉइल असेल आणि तो पाय भिंतीकडे वळलेला असेल, तर प्लेट उघडी असताना बेस छान वाजतो आणि स्क्रू आवळले की गप्प होतो. पाय मधल्या बाजूला वळवून समोरच्या फॉइलवर इन्सुलेशन टेप लावली. प्लेट आवळून केबलमधून पुन्हा मोजलं: नेक 7.0, ब्रिज 7.3, दोन्ही मिळून 3.7, आणि प्लग हलवला तरी आकडा जागचा हलला नाही. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण ठेवून खालचा सूर भरीव येतोय का तेही ऐकलं. तो पोकळ आला असता तर ब्रिज पिकअपच्या दोन वायरी उलट लागल्या असं समजून त्यांची अदलाबदल करावी लागली असती.