परसबागेपेक्षा कागद अवघड

बियाणं, शेणखत, अवजारं यांवर लिहीत नाही. ती आठवड्यात जमली. मला रडवलं ते एका कागदाने.

मी राहुरीचा कृषी पदवीधर. एका संस्थेतर्फे पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात गेलो. गावच्या शाळेमागे अर्ध्या एकरात भाजी लावायची, मुलांना तिथेच शिकवायचं आणि दुपारच्या जेवणाला भाजी पुरवायची, एवढंच काम. पण १९८९ ते २००३ या काळात तिथे दोन यादवी युद्धं झाली. जीव घेऊन पळालेले लोक परतले तेव्हा कित्येकांच्या जमिनीत दुसरेच राबत होते. त्यामुळे जमिनीचा विषय निघाला की आवाज खाली येतो. देणगीदाराची अट होती: आधी जागेचा कागद, मग कुंपणाचे पैसे. शाळेचा कागद युद्धात जळालेला.

कचेरीतले साहेब म्हणाले, गावाचं पत्र आणा. गावातले वडीलधारे म्हणाले, २०१८च्या कायद्याने गावाची जमीन गावाचीच झाली, कचेरीचा काय संबंध? त्यांना समजावून पत्र आणलं, तर त्यावर शिक्का नव्हता. शिक्का मिळवला, तर सही निळ्या शाईत हवी होती. (झेरॉक्स गावातूनच काढून न्या. कचेरीच्या वाटेवरच्या दुकानात जनरेटर बंद असतो.) चौथ्या खेपेला साहेब मन्रोव्हियाला गेलेले. पाचव्या खेपेला त्यांच्या मदतनिसाने हळूच विचारलं, "कोल्ड वॉटर?" मी पिशवीतली पाण्याची बाटली पुढे केली. तो हसत सुटला. तिथे चहापाण्याला कोल्ड वॉटर म्हणतात, हे मला मुख्याध्यापकांनी परतताना पेन-पेनवर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर, सांगितलं. एप्रिल संपत आला होता. मे लागला की तिथला पाऊस आपल्या कोकणासारखा कोसळतो आणि लाल रस्त्याचा चिखल होतो. वाफे तयार, वेल तयार, मी मात्र बाकावर.

शेवटी मार्ग मुख्याध्यापकांनी काढला. वडीलधाऱ्यांपुढे मान म्हणून कोलाच्या बिया ठेवल्या (हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं), पलावर हटमध्ये, म्हणजे गावाच्या बैठकीच्या झोपडीत, सगळ्यांना बसवलं आणि शेजारच्या दोन्ही कुटुंबांना घेऊन हद्द पायी फिरले. चार कोपऱ्यांवर सोप-ट्रीची रोपं लावली. तिकडे हद्दीची खूण म्हणून ती चालतात. एका आजीने आंबाड्याच्या झाडाला हात लावून दाखवलं, "इथपर्यंत आमचं, पुढे पोरांचं." दोन्ही घरांचे अंगठे कागदावर उमटले.

तो कागद पाहून साहेबांनी दहा मिनिटांत शिक्का मारला. उभ्याउभ्या. मग आधीच्या सहा खेपांत नेमकं काय तपासत होते, देव जाणे.

महिन्या-दीड महिन्यात रताळ्याचा पाला खुडायला आला. पामतेलात मिरची घालून शिजवलेली ती भाजी पोरांनी भाताबरोबर चाटूनपुसून खाल्ली. मीही दोनदा घेतली.

आणि कुंपणाची जाळी जमिनीत वीतभर गाडा. तिथे घुशीचा थोरला भाऊ शोभेल असा एक प्राणी आहे, त्याला ग्राउंडहॉग म्हणतात. आमचा मक्याचा पहिला वाफा त्याने एका रात्रीत संपवला.