तिरामिसू आणि वाइन : चौथी फेरी

डेझर्टपेक्षा वाइन गोड हवी, हा नियम डोक्यात पक्का. म्हणून तिरामिसूशी, म्हणजे कॉफीत बुडवलेल्या बिस्किटांच्या इटालियन डेझर्टशी, जमणारी वाइन शोधताना तीन फेऱ्या मी बाटल्यांची गोडी वाढवत बसलो. आता कळतंय, खोडा घालत होती ती कॉफी.

आधी तिरामिसू. मोका पॉटमधली (गॅसवर ठेवायच्या इटालियन कॉफीपात्रातली) कडक, बिनसाखरेची कॉफी. सावोयार्दी बिस्किट बुडवायचं आणि 'एक' म्हणेपर्यंत बाहेर काढायचं. मागच्या वेळी 'दोन'पर्यंत थांबलो, तर सकाळी काचेच्या भांड्याच्या तळाशी कॉफीचं तळं! मास्कारपोने (सायीसारखं मऊ इटालियन चीज) फेटतानाही हात आवरला, नाहीतर ते फुटतं. आत दारू घातली नाही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीतल्या त्रेविसो शहराच्या 'ले बेकेरिए' रेस्टॉरंटमध्ये जे तिरामिसू मिळू लागलं, त्यातही ती नव्हती. शिवाय आत मार्साला वाइन आणि ग्लासातही मार्साला, की ग्लासातली फिकी लागते. दुसऱ्या फेरीत ते भोगून झालंय.

मोस्कातो द'आस्ती : जेमतेम पाच टक्के अल्कोहोल, पीचचा नि फुलांचा वास. एक घास खाल्ला आणि वास गायब. बारीक बुडबुड्यांनी जिभेवरचा मास्कारपोनेचा थर मात्र छान धुतला. पहिल्या फेरीतल्या नाशिकच्या लेट हार्वेस्ट (उशिरा तोडलेल्या द्राक्षांच्या, गोड) शेनँ ब्लां या पांढऱ्या वाइनचीही हीच गत झाली होती.

मार्साला सुपेरिओरे दोल्चे : सिसिलीची, स्पिरिट घातलेली, 18 टक्के. जळक्या साखरेची, अक्रोडाची, खजुराची चव. कॉफीचा कडवटपणा तिला खात नाही, उलट तिच्यात मिसळतो. बाटली वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवाच. आपल्या खोलीच्या तापमानाला आधी स्पिरिटच नाकात जातं.

रेचोतो देल्ला वाल्पोलिचेल्ला : ही त्रेविसोच्याच व्हेनेतो प्रांतातली. कोर्विना वगैरे द्राक्षं तोडून काही महिने सुकवतात, मग वाइन करतात. कॉफीशी रेड? मी आधीच नाक मुरडलं होतं. पण वरच्या कोकोच्या थराबरोबर चेरीची अशी काही चव उमटली, की बायकोने न विचारता माझा ग्लास ओढून घेतला. चमचा खालच्या भिजल्या बिस्किटापर्यंत गेला आणि टॅनिन (रेड वाइनमधला तुरटपणा) कडू झालं.

तेव्हा आजचा नंबर मार्सालाचा, जीव मात्र रेचोतोत अडकलाय. मार्सालाची उघडी बाटली आठवडेच्या आठवडे टिकते, रेचोतोचं तसं नाही. म्हणून पाचवी फेरी बुधवारीच : कॉफी पातळ, कोको दुप्पट.