ट्यूबलाइट बंद करून

ऊसतोडीच्या कोयत्याची धार गेली म्हणून तो घेऊन उद्यमनगराजवळच्या लोहारमामांकडे गेलो. मामांनी बटण दाबलं, ब्लोअर घोंगावला आणि दगडी कोळसा बघता बघता लालभडक झाला. माझा हात मात्र उगाच भात्याची साखळी शोधत वर गेला.

लहानपणी गावाकडच्या भट्टीवर ती साखळी ओढायला मिळावी म्हणून मी आणि थोरला भाऊ भांडायचो. पाच मिनिटांत दंड भरून यायचे, मग दोघांनाही घरी जायची घाई. लोहाराची बायको तीच साखळी दिवसभर ओढायची. त्यामुळे कातडी भात्याच्या आठवणीनं गहिवरून ब्लोअरला नावं ठेवायचं पाप मी करणार नाही.

ऐरणीचं वेगळं. मामांकडे दोन आहेत. एक विकत आणलेली, शिंगवाली, वरून सपाट. दुसरी त्यांच्या आज्ज्याची, बाभळीच्या ओंडक्यात बसवलेली, घाव खाऊन मधोमध खोलगट झालेली. मला वाटलं, आठवण म्हणून ठेवली असेल.

"छे वो! वाकडं पातं सरळ करायचं तर आधी जरा उलटं वाकवाय लागतंय. सपाटीवर ते जाणार कुठं?"

घण मारायला आता समोर माणूस नाही. कोपऱ्यातला पॉवर हॅमर पायपट्टी दाबली की न थकता ठोकतो. पूर्वी मामा छोट्या हातोड्यानं जागा दाखवायचे, घण तिथंच पडायचा. हातोडा मोकळ्या ऐरणीवर टणकन वाजला की घण थांबायचा. तोंडानं एक शब्द नाही. यंत्राशी बोलायला पाय पुरतो.

माझा कोयता ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा. त्याला पाणी द्यायची, म्हणजे लाल तापवून पाण्यात बुडवून कडक करायची वेळ आली तशी मामांनी ट्यूबलाइट बंद केली. त्या पांढऱ्या उजेडात तापल्या लोखंडाचा रंग कळत नाही म्हणे. मुलानं आणलेली तापमान मोजायची बंदूक खिळ्याला लटकत होती. ८०० अंशांच्या आसपासचा लाल मामांना नजरेनं कळतो. पाण्यात चर्र झालं. मग पातं घासून, त्याचा ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा हलकं तापवत ते दारातल्या उन्हात आले. आता उजेडच हवा होता. पातं आधी गवती पिवळं झालं, मग तपकिरी.

"जांभळं झालं की धरायचं. निळं पडलं तर धार राहत न्हाई."

मी काहीतरी विचारणार होतो. मामांनी पात्यावरची नजर न हलवता हातानंच गप्प केलं.