नकाशात नसलेली बिडाची लाइन

सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत मी पाणीपुरवठ्याची कनिष्ठ अभियंता आहे. जॅकवेल (नदीतलं पाणी उपसायची विहीर), फिल्टर आणि टाक्या आमच्याकडे. गावातलं वाटप, मीटर आणि गळतीदुरुस्ती ठेकेदाराकडे. टाकीखालच्या मोठ्या मीटरपाशी आमची हद्द संपते, तिथून पुढे वाया गेलेल्या पाण्याचा दंड त्यांना.

जुन्या पेठेत २४ तास पाणी सुरू झालं आणि रात्रीचा प्रवाह काही केल्या उतरेना. लोकांना वाटतं, गळती म्हणजे रस्त्यावर आलेलं पाणी. तशी गळती सोपी असते, दहा फोन येतात. न दिसणारी गळती कळते ती पहाटे २ ते ४ या वेळात. नळ बंद असतात, तेव्हा मीटरमधून जे जातं त्यातलं बहुतेक जमिनीतच मुरत असतं. मग एकेक व्हॉल्व्ह आवळत जायचं आणि टाकीखालच्या माणसाने फोनवर आकडा सांगत राहायचं. ज्या व्हॉल्व्हला आकडा पडेल, त्याच्या पुढच्या गल्लीत लोखंडी कांब कानाला लावून ऐकायचं.

त्या रात्री ठेकेदाराच्या पोरांनी काम चोख केलं, हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्या ऑफिसात त्यांना नावं ठेवायची सवयच लागली आहे. नकाशातला शेवटचा व्हॉल्व्हही बंद झाला. मीटर फिरतच होतं. त्यांचा इंजिनिअर म्हणाला, मीटर खराब आहे. पण ते नुकतंच तपासून बसवलेलं होतं.

उजाडल्यावर मी अण्णांना बोलावलं. त्यांची सगळी नोकरी व्हॉल्व्हमन म्हणून झालेली. ठेका सुरू झाल्यावर त्यांना घरपट्टीची बिलं वाटायला लावलं. हा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांनी कधी चेंबरचं झाकण उचललेलं नाही. अण्णांनी नकाशावर नजर फिरवली आणि म्हणाले, "मॅडम, वेशीपाशी नळकोंडाळं हुतं. त्येची लाइन कुटं दावलीया ह्यात?"

नळकोंडाळं म्हणजे जुना सार्वजनिक नळ. त्याची लाइन कुठेच दाखवली नव्हती. अण्णांनी पाय आपटून जागा दाखवली, तिथेच खोदलं. चार इंची बिडाची लाइन निघाली, शिशाच्या जॉइंटची, मोठ्या मीटरच्या पुढे आणि नकाशातल्या पहिल्या व्हॉल्व्हच्या अलीकडे जोडलेली. नळकोंडाळं काढलं तेव्हा तिच्या तोंडात कुणीतरी लाकडी खुंटी ठोकून ठेवली होती. दिवसातून तासभर पाणी यायचं तोवर त्या कुजक्या खुंटीतून जेमतेम झिरपत असेल. चोवीस तास दाब बसला आणि ती निसटली. पाणी शेजारच्या दगडी गटारातून थेट ओढ्यात जात होतं, वर थेंब दिसत नव्हता.

खड्डा उघडा असतानाच वाद सुरू झाला. ठेकेदार म्हणे, हस्तांतराच्या यादीत ही लाइन नाही, दुरुस्ती आमची नाही. आमचं कार्यालय म्हणे, मीटरच्या पुढचं पाणी तुमच्या खात्यात, दंड भरा. करारनामा मी पुन्हा वाचला. दोघांचंही बरोबर आहे, आणि तेच मला सुटत नाही. शेवटी दुपारी अण्णांनी आणि आमच्या दोन मजुरांनी तोंडाला लोखंडी टोपी बसवून ते बंद केलं.

पाण्याच्या खासगीकरणावर आपल्याकडे भांडण होतं ते कंपनी चांगली की वाईट यावर. मला वाटतं, आधी हे विचारावं की तिच्या ताब्यात नेमकं काय दिलं. बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्ग्यात २००८ च्या सुमारास निवडक भागांत खासगी कंपनीने २४ तास पाणी देऊन दाखवलं, पण तिथे वाटपाचं जाळंच नव्याने टाकलं होतं. मनिलात १९९७ साली शहराचे दोन भाग करून दोन कंपन्यांना दिले. पूर्वेकडच्या कंपनीने ६३ टक्क्यांवरचं हिशेबाबाहेरचं पाणी, म्हणजे गळती-चोरीत जाणारं, ज्याचे पैसे मिळत नाहीत ते, पुढे १२ टक्क्यांच्या आत आणलं. पश्चिमेकडे जुन्या शहराचं जाळं आणि परकीय कर्जाचा मोठा वाटा आला; ती कंपनी बुडाली आणि २००७ मध्ये नव्या मालकांकडे गेली. आमची पेठ त्या पश्चिम भागासारखी आहे. जमिनीखाली काय आहे याची पाहणी ठेक्याआधी पैसे खर्चून करायला हवी होती. तेव्हा सल्लागाराने जुन्या नकाशांची प्रत काढून यादी बनवली आणि आम्ही ती मंजूर केली.

दंडाची फाइल मुख्याधिकाऱ्यांकडे आहे. मी वेगळा प्रस्ताव दिला, की अण्णा निवृत्त होण्याआधी त्यांना परत पाणीपुरवठ्यात घ्या, त्यांच्यासोबत फिरून बंद लाइनी नकाशावर उतरवू. आस्थापना विभागाने उलट विचारलं, कोणत्या पदावर? व्हॉल्व्हमनचं काम ठेकेदाराकडे गेल्याने ते पद आता भरता येत नाही. मी लिहून दिलंय, पद घरपट्टीचंच राहू द्या, सकाळचे दोन तास तेवढे मला द्या. उत्तर अजून आलेलं नाही.